बिल्लाधारक रसिक

संस्कृती हा समाजाचा प्राण आहे, याविषयी धारूरजवळच्या आमच्या लोककला संवर्धन सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात कधीही दुमत नव्हते. मतभेद एवढाच होता, की कार्यक्रमाला समोर बसायचे कोणी. अध्यक्ष आप्पाराव यांना व्यासपीठावर बसावे लागे आणि आम्हा संचालकांना त्यांच्या शेजारी. समोरच्या खुर्च्यांबाबत संस्थेच्या पोटनियमांत काही म्हटलेले नव्हते.

पत्र्याचे सभागृह, त्याभोवतीचे तारेचे कुंपण आणि सटवा गोंधळी एवढी संस्थेची मालमत्ता. सटवाला सगळा गोंधळ येतो. गण, देवांना आवतण, आख्यान, आरती. तालुक्यात तो सगळा येणारा दुसरा कोणी उरलेला नाही. लग्नघरी आता त्याला फोटोपुरते बोलावतात आणि जेवणाची वेळ झाली की आटप म्हणतात. त्यामुळे त्याचे एकच मागणे होते.

"एकदा माणसांम्होरं समदा मांडू द्या, आप्पासाहेब. बोटं आखडायलीत. कुणी ऐकलं तर कुणाच्या तरी ध्यानात ऱ्हाईल."

संस्थेने हे मागणे तत्त्वतः मान्य केले. त्यालाही आता काही वर्षे झाली.

अशात जिल्ह्याच्या कार्यालयाने कळवले, की प्रेक्षक नसलेली सभागृहे खतांच्या गोदामासाठी देण्यात येतील. प्रेक्षक आहेत असे म्हणणे असल्यास ते सिद्ध करावे. फोटो चालणार नाही, कारण आधीच्या तीन संस्थांनी एकाच सभेचा फोटो पाठवला होता. सह्याही चालणार नाहीत, कारण आमच्याकडच्या सगळ्या सह्या एकाच वळणाच्या होत्या. प्रेक्षक स्वतंत्रपणे पडताळता आला पाहिजे.

सचिव त्रिंबक एम.ए. आहेत. गोंधळात तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई अशा ठिकाणच्या देवींना नाव घेऊन बोलावतात, हे त्यांनी कार्यालयाला अभिमानाने कळवले. उलट विचारणा आली, 'निमंत्रितांपैकी प्रत्यक्ष उपस्थित किती?'

"आई आली का न्हाई, ते मी कसं सांगू?" सटवा म्हणाला.

"मग बोलावतोस कावून?"

"बोलवायचं आपलं काम हाय, सर. यायचं तिचं."

कार्यालयाने सर्व निमंत्रितांची गैरहजेरी लावली.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. सभागृहाच्या आवारात जनावरांसाठी चारा छावणी उघडली. जागा कमी पडू लागली, तेव्हा खुर्च्या उचलून सभागृहातही दावणी केल्या. छावणीतल्या प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला असे आणि सरकारी माणूस रोज येऊन तो तपासून जाई. त्रिंबक सर दावणीसमोर बराच वेळ उभे राहिले. स्वतंत्रपणे पडताळता येणारी अशी गर्दी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

जिल्ह्याच्या कार्यालयातून प्रेक्षकांच्या तपासणीला साहेब आले. त्रिंबक सरांनी त्यांना दावणी दाखवल्या.

"महिलांचा सहभाग?"

"म्हशी आणि गायी. पुरुषांपेक्षा जास्तच आहे, साहेब."

"युवा वर्ग?"

"कालवडी, गोऱ्हे. खोंडंसुद्धा आहेत."

"उत्तम," साहेब खरोखर भारावले. "शहरात नाट्यगृहात इतके तरुण दिसत नाहीत हो."

सभागृह वाचले. सटवाच्या गोंधळाची तारीख ठरली. ती ऐकून तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "आन माणसं कुठं बसवायची?"

"माणसाच्या कानात बिल्ला हाय का बे?" आप्पारावांनी विचारले. "उद्या साहेबानं इचारलं, तर दाखवू काय?"

ठरल्या दिवशी चार वाजता शेजारच्या वस्तीवरची मुक्ताबाई फाटकाशी आली. धुतलेलं लुगडं, हातात हळदीकुंकवाची वाटी. फाटकावर आमचे संचालक गहिनीनाथ होते.

"जनावर कुठंय, मावशे?"

"जनावर कशाला? मी ऐकाया आले. माझ्या लग्नात सटवाच्या बापानं मांडलता."

"बिल्ल्याबिगर आत घेता येत न्हाई."

"गाय तर इकली बाबा. शेळी हाय, आणू का?"

"शेळीमेंढी नियमात बसत न्हाई."

सटवाने व्यासपीठावरून हे पाहिले. संबळ कमरेची सोडून खाली ठेवली. "तिला आत घ्या. न्हाईतर मी वाजवत न्हाई."

आप्पाराव शांतपणे त्याच्याजवळ गेले. "नगं वाजवू. उद्यापासून हितं युरियाची पोती लागतील. मग त्यांच्याम्होरं वाजव."

सटवा दावणीकडे पाहत राहिला. मग त्याने संबळ परत बांधली. मुक्ताबाईला कुंपणाबाहेर बसण्यास संस्थेची हरकत नव्हती. तिथेच माईकसाठी जनरेटर लावला होता. ती त्याच्या धडधडीशेजारी बसली आणि तिने कानामागे हात धरला.

दीपप्रज्वलन झाले. साहेबांचा सत्कार झाला. लोककला वाचवण्यासाठी प्रत्येकाने वेळ काढला पाहिजे, असे आप्पाराव बराच वेळ सांगत होते. भाषण संपले तसा मागच्या मांडवातून मटकीच्या रश्शाचा वास आला. आधी साहेब उठले, मग आप्पाराव, मग आम्ही संचालक आणि वार्ताहर. तुम्ही असतात तर तुम्हीही उठला असतात. भाकरी गरम होती आणि संस्कृती काही पळून जात नव्हती. सटवाने डोळे मिटून एकेका देवीला नावानिशी हाक मारायला सुरुवात केली, तेव्हा आमची दुसरी वाढ चालली होती.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'गोंधळाला तुडुंब प्रतिसाद, आरतीपर्यंत एकही रसिक जागचा हलला नाही.'

बातमीत खोटे काहीच नव्हते. सगळे दाव्याला बांधलेले होते.