दुपट्ट्याखालची वॉरंटी

मी बी.एस्सी. होईपर्यंत आमच्या घरात एकाही वस्तूला वॉरंटी नव्हती. कारण साधं होतं, नवीन वस्तूच नव्हती. पंखा शाळेच्या भंगारातून आलेला, तो वारा कमी द्यायचा आणि बोलायचा जास्त. पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलींची, त्यांत उत्तरं आधीच लिहिलेली आणि तीही चुकीची. आई-बाबा दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरीला जायचे. घरात जे यायचं ते कोणाचं तरी वापरून झालेलं असायचं, आणि ते बिघडलं की आई एवढंच म्हणायची, "मामाले सांग."

कारण आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर सुखदेवमामाची बोली असायची.

सुखदेवमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं परतवाड्याच्या गुरांच्या बाजारात दलाल. तिथे बैल विकताना तोंडी हमी देतात, तिला बोली म्हणतात. बैल औताला चालला नाही, मधेच बसला, तर ठरलेल्या दिवसांत वापस. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. आणि भाव ठरतो तो दुपट्ट्याखाली. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, वरून दुपट्टा टाकायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही सौदा कळत नाही.

मामाची अडचण अशी, की त्याच्या मते सगळं जगच गुरांचा बाजार आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने डॉक्टरांच्या हातावर दुपट्टा टाकला आणि विचारलं, "दुसरा डोया संगच केला तं कसं?" मग वरून, "बोली किती सालाची?" मला पाहायला आलेल्या एका मुलाला त्याने चहाच्या आधी तोंड उघडायला लावलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हा बावा तीस सांगून राहिला, पन दात चाळीसचे हायेत." पाहुणे पोहे टाकून उठले. नंतर कळलं, मुलगा एकेचाळीसचा होता. त्या एका तपासणीसाठी मी मामाचे पाय रोज धुवायला तयार आहे.

आमच्या दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉलेज परतवाड्याला, घरापासून नऊ किलोमीटर. मामाने बाजारातून एक जुनी जेन्ट्स सायकल आणली, तिचं सीट थोपटलं आणि बोली दिली, "बी.एस्सी. होईपर्यंत. रस्त्यात कोठीही बंद पडली, तं पयल्या जीपवाल्याजवळ निरोप देजो. मी येतो."

आणि तो यायचा. डोक्याला दुपट्टा, पिशवीत पाना, पंक्चरचं सामान आणि दोन भाकरी. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी चेन तुटली, तेव्हा मला स्वतःच्या सायकलवर डबलसीट घेऊन कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवलं. परीक्षा सुटून बाहेर आले तर हा परत जाऊन माझी सायकल घेऊन आलेला, चेन जोडलेली, हात कोपरापर्यंत काळे. "मंग? केमिष्ट्री कशी हाये?" जणू केमिस्ट्री ही आमच्याकडे आजारी पडलेली कोणी बाई आहे.

आता गाडीकडे येते.

दोन वर्षांपूर्वी मी कार घेतली. नवी. सीटवरचं प्लास्टिक मी स्वतः फाडलं, ते सुख कोणालाही दिलं नाही. मी अकोल्याला जठारपेठेतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी तपासते, एकटी राहते आणि दर रविवारी गाडी चालवत गावी आईकडे जाते. या उन्हाळ्यात शोरूममधून फोन आला, की गाडीची वॉरंटी या शनिवारी संपते. पुढची दोन वर्षं वाढवून हवी असेल तर शनिवारी सहाच्या आत घ्या. नंतर कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही.

हे मी आईला सांगितलं. आईने मामाला सांगितलं. दहा मिनिटांत मामाचा फोन.

"पोरी, तू कोठीच सही करू नोको. सौदा मी करतो. तू शिकेल आहेस, तुले पयलाच भाव खरा वाटते."

त्या आठवड्यात मामा तीनदा अमरावतीच्या शोरूममध्ये जाऊन आला. गाडीशिवाय. तिथल्या मुलीने विचारलं, "बाबा, गाडी कुठे आहे?" तर म्हणाला, "गाडी अकोल्याले हाये. सौद्याले गाडी कायले पाह्यजे? मी हावो ना." तीन दिवस तिथल्या थंड हवेत बसून, चहा पिऊन त्याने लग्नपत्रिकेच्या पाठीवर भाव लिहून आणला.

शनिवारी अकराच्या एस.टी.ने तो अकोल्याला उतरला. उतरताना कंडक्टरने हात दिला, मग स्टँडवरच्या बाकावर जरा वेळ बसला. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, चप्पल चावून राहिली."

अकोल्याच्या शोरूमचा मॅनेजर निखिल हा पंचविशीतला मुलगा. टाय, गळ्यात ओळखपत्र, बोलणं एकदम घडी घातलेलं. "या काका, बसा. हा आपला गोल्ड प्लॅन…"

"काका नोको म्हनू. मामा म्हन. काकाशी सौदा जमत नाही."

मामाने पत्रिका टेबलावर ठेवली. "अमरावतीवाले या भावात देऊन राहिले."

निखिलने ती पाहिली. "मामा, अमरावतीचं शोरूमही आमच्याच मालकांचं आहे."

मी मान खाली घातली. वाटलं, संपला सौदा. पण मामा तर उभाच राहिला. "म्हनजे मालक एक आन् भाव दोन? आन् थे तू मले तोंडावर सांगून राहिला?"

निखिलने बिचाऱ्याने अमरावतीचा भाव मान्य केला. मला वाटलं आता सही. छे! मामाने त्याला सगळी आठ पानं मोठ्याने वाचायला लावली.

"ब्रेक पॅड, क्लच, टायर, वायपर, बॅटरी हे यात येत नाही. ते झिजणारे पार्ट आहेत."

"झिजते तेच तं बिघडते बापा! न झिजनारं काहून बिघडन?"

"मामा, कंपनीचा दोष असेल तर मिळतं. म्हणजे बनवतानाच काही चूक राहिली असेल तर."

मामाने डोळे मिटून विचार केला. "म्हनजे बैल लंगडला तं नाही. म्हातारा झाला तं नाही. उपाशी राह्यला तं नाही. पन दोन तोंडाचा निंगाला, तं बदलून भेटन!"

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ नवीन गाडीची सही करत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची आमच्याकडे फिरवली.

उंदराने वायर कुरतडली तर भरपाई नाही, या एका ओळीवर मामाने अर्धा तास घेतला. उंदीर हा मालकाचा दोष कसा, हा त्याचा मुद्दा होता. शेवटी इंजिनखाली उंदरांसाठी जाळी फुकट बसवून द्यायचं ठरलं. तेवढ्यात मामाने दुपट्टा काढला आणि निखिलच्या हातावर टाकला. त्या मुलाला गुदगुल्या झाल्या की भीती वाटली देव जाणे, त्याने किंचाळून हात ओढून घेतला. "सर, हे काय करता!"

"कच्चा हाये अजून," मामा मला म्हणाला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "हे काय लिव्हलं?"

"गाडी रस्त्यात बंद पडली तर मदतीला माणूस येईल. आत्ताच्या वॉरंटीतही ते आहे."

"येते?"

"येतो ना."

"पाहू. जोतून पाह्यल्याबिगर मी बैल घेत नाही."

साडेतीन वाजले होते. मी नको नको म्हणत असताना मामाने मला मूर्तिजापूर रोडवर गाडी घ्यायला लावली, शहराबाहेर एका कडुनिंबाखाली थांबवली आणि माझ्या फोनवरून मदतीचा नंबर लावला. पलीकडे हिंदी बोलणारी बाई. गाडी में क्या प्रॉब्लम है?

"प्रॉब्लम ऐसा है बाई, के गाडी चल नहीं रही."

"मामा, खोटं बोलता!"

"उभी गाडी चालते काय?" असं म्हणून त्याने पिशवीतून भाकर आणि ठेचा काढला.

मी घड्याळ पाहत होते. सव्वाचार. साडेचार. माझ्या दोन वर्षांच्या वॉरंटीचा दीड तास उरला होता आणि मामा कांदा फोडत होता. पाच वाजता एक माणूस मोटारसायकलवर आला, घामाने भिजलेला, मागे हत्यारांची पेटी. त्याने चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"गाडी तं चांगली हाये!"

"चांगलीच हाये बापा," मामा हात जोडून म्हणाला. "तू येते का नाही, थे पाहाचं होतं."

तो माणूस जे बोलला ते मी शिकलेली असल्यामुळे लिहीत नाही. मामाने सगळं ऐकून घेतलं, त्याला सावलीत बसवलं, भाकर हातात दिली. मग एकेक विचारायला लागला.

"पान्यापावसात बोलावलं तं येशीन?"

"येईन. कामच हाये."

"अंधार पडला असला तं?"

"येईन ना बाबाजी."

"गाडीत एकटी बाई असली, तं तू पोचेपर्यंत फोन चालू ठेवशीन तिच्यासंग?"

त्याचा घास तोंडातच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. "ठेवीन," म्हणाला.

आम्ही परतलो तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. निखिल दारातच उभा, टाय सैल, केस विस्कटलेले. "मामाजी, काहून जीव घेऊन राहिले माहा! सहाले सिस्टम बंद होते!"

मामाचा चेहरा उजळला. "आता आला गावावर! कोन्या गावचा तू?"

"धामणगाव रेल्वे."

"मंग सकाळपासून हे पुन्याचं कायले बोलून राहिला होता? आन हात."

या वेळी निखिलने हात दिला. मामाने वरून दुपट्टा टाकला. सगळं शोरूम गोळा झालं, ते शेजारचे गृहस्थ खुर्चीवर उभे राहिले. दुपट्ट्याखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. फक्त एक गोष्ट मला विचित्र वाटली. मामाचे ओठ हलत होते. चाळीस वर्षांत दुपट्टा पडल्यावर मामा कधी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता तो निखिलच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता. निखिल हसायचा थांबला. मग मामाने दुपट्टा ओढला आणि म्हणाला, "झाला सौदा."

मी भराभर फॉर्म भरायला बसले. शेवटचा रकाना होता, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं. मी सवयीने "सुखदेव" लिहायला घेतलं. मामाने माझा हात धरला.

"तठी माहं नोको. ह्या पोराचं लिही."

"काहून?" मला राग आला. राग आला की मीही गावावर येते. "इतक्या वर्सांत तठी दुसरं नाव हाये काय कधी?"

मामा टेबलावर आणून ठेवलेल्या उंदराच्या जाळीकडे पाहायला लागला. निखिलच हळू म्हणाला, "मॅडम, मामाजींनी दुपट्ट्याखाली भाव केलाच नाही. बोट पण दाबलं नाही. म्हणाले, ही पोरगी वीस साल माह्या बोलीवर हाये. आता कोनं हात देल्याबिगर माह्यानं एस.टी.ची पायरी चढनं होत नाही. रस्त्यात थांबली तं तू जाशीन काय? जाशीन तं हात दाब."

"मग?"

"दाबला ना."

भिंतीवरच्या घड्याळात सहाला आठ मिनिटं होती. मी आधी मामाचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. त्याच्या खाली निखिलचं आणि त्याचा नंबर.

"अवो, पन माही बोली तं बी.एस्सी. होईपर्यंतची होती," मामा पुटपुटला. "थे कवाचीच खलास झाली."

"वाढवली मी," मी म्हटलं. "तारीख गेल्यावर वाढवता येत नाही, हा नियम यांचा आहे. आपल्या बाजारात नाही."

मामाने दुपट्टा तोंडावरून फिरवला. ऑपरेशन झालेला डोळा पुसला आणि न झालेलाही पुसला. मग निखिलला म्हणाला, "आन् दोन सर्विसिंगची मजुरी माफ कर. एवढ्या उशिरा सही करून राहिलो, काही तं सोड." निखिलने सोडली.

सहाला चार मिनिटं कमी असताना शिक्का बसला. माझ्या गाडीची वॉरंटी दोन वर्षांनी वाढली.