गालिचा वाळेपर्यंत

"चार वाजता मालक येणार आहेत, मावशी," मॅनेजर ओंकारने सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. "त्यांना गालिचा पसंत पडला तर मशीन तुमच्याकडं. नाहीतर सोमवारपासून नाशिकची कंपनी येणार, आणि तुम्ही परत बाथरूमच्या फरश्यांवर."

"बरं," झुंबरबाई म्हणाल्या आणि मशीनच्या ब्रशमध्ये गुंतलेले केस काढत बसल्या.

झुंबरबाई पाथर्डीकडच्या. बारा वर्षं त्यांनी वाकून ऊस तोडला आणि पुढची आठ वर्षं शिर्डीतल्या या हॉटेलात गुडघ्यांवर बसून फरश्या घासल्या. दोन महिन्यांपूर्वी गोल ब्रशचं घासायचं मशीन आलं, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना ताठ उभं राहून करायचं काम पहिल्यांदा मिळालं. ते जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. ओंकार काही वाईट माणूस नव्हता. फक्त तो हॉटेल मॅनेजमेंट शिकून आला होता, आणि अशा माणसांना बाहेरची कंपनी बोलावली की काम झाल्यासारखं वाटतं.

त्या मशीनचं एक असतं. जो त्याला ढकलायला जातो, त्याला ते फरफटत नेतं. दांडा जरासा उचलला की ते उजवीकडे सरकतं, जरासा दाबला की डावीकडे. त्यापलीकडे त्याला आपल्याकडून काही नको असतं. झुंबरबाईंना हे पहिल्याच दिवशी उमगलं, कारण आयुष्यभर जोर लावून त्यांना जोराचा कंटाळा आला होता.

सुकी धूळ ओढून घेऊन त्यांनी लॉबीतल्या गालिच्यावर फवारा मारला आणि मळ सुटायला दहा मिनिटं दिली. मग वायर खांद्यावर टाकून मशीन सुरू केलं. पांढरा फेस सावकाश वर आला, घरघर एकसारखी झाली, आणि नेहमीप्रमाणे झुंबरबाईंचं मन जागेवरून उठून गेलं. लॉबी नव्हती, ओंकार नव्हता, मे महिना नव्हता. कुठल्याशा उतरत्या माळावरून त्या वाऱ्यात चालल्या होत्या, आणि तिकडे त्यांचं काही काम नव्हतं. हात आपले बरोबर चालत होते. आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवत त्या मागं मागं दाराशी आल्या तेव्हा चहाच्या रंगाच्या गालिच्यातून डाळिंबाच्या दाण्यांचा लाल रंग वर आला होता. असं काही आपल्या पायाखाली होतं, हे हॉटेलात कुणालाच ठाऊक नव्हतं.

अकरापर्यंत पाणीही ओढून झालं. आता फक्त वाळायचं राहिलं होतं. लोकांनी मधून चालू नये म्हणून झुंबरबाईंनी पितळी खांब उभे करून लाल दोर बांधला, आणि दारापासून भिंतीच्या कडेने दोन वळणं घेत जाणारी अरुंद वाट तेवढी सोडली. वाटेच्या टोकाला टेबलावर पांढरीशुभ्र चादर अंथरून त्यांनी वाळवायचा ब्लोअर ठेवला. चादर लोखंडी टेबलाचा गंज उडून ओल्या गालिच्यावर पडू नये म्हणून होती.

पण शिर्डीत दोर बांधताना माणसाने विचार करावा.

पहिल्या आल्या सोनईच्या लंकाबाई. त्यांची खोली तयार व्हायची होती. ओला गालिचा बघून त्यांनी दारातच चपला काढल्या आणि वाटेने चालत ब्लोअरपाशी गेल्या. गार वारा तोंडावर येताच त्यांनी डोळे मिटले. बाहेरून जाणाऱ्या एका जोडप्याने काचेतून पाहिलं. अनवाणी म्हातारी, मिटलेले डोळे, पुढं पांढरी चादर. त्यांनीही चपला काढल्या. त्यांच्या मागं पैठणचं एक कुटुंब आलं आणि त्या कुटुंबाच्या मागं आख्खा टेम्पो उतरला. रांग कशाची हे कुणीही विचारलं नाही. ते पुढच्याला माहीत असणार, अशी प्रत्येकाची खात्री होती.

"मावशी," रिसेप्शनवरची धनश्री हळूच म्हणाली, "त्या पहिल्या आजी सोडल्या तर यातल्या कुणाचंच बुकिंग नाही."

झुंबरबाई दोराशी गेल्या. "अवो, हितं काय न्हाई. गालिचा वाळतोय नुसता."

"असंच सांगत्यात, बाई," पैठणचा गृहस्थ समजुतीने म्हणाला. "मागची मानसं पांगली की वळखीच्यांना फुडं घेत्यात. आमी काय आज येतो का?"

मग ओंकार टाय नीट करत आला. "मी इथला मॅनेजर आहे. कृपया बाहेर चला."

"मॅनेजरनंबी लायनीतूनच यावं," मागून आवाज आला, आणि रांगेला तो फार पटला.

झुंबरबाईंचं लक्ष मात्र लोकांच्या पायांवर होतं. बाहेरच्या गल्लीची काळी धूळ त्या पायांना होती, आणि ओल्या गालिच्यावर तो ठसा बसला असता तर चार वाजता सगळंच संपलं असतं. त्यांनी दाराशी पाण्याच्या दोन बादल्या मांडल्या. लोकांनी आनंदाने पाय धुतले. ते न सांगता धुणारच होते. पण ओल्या पायांनी गालिचा आणखी भिजेल, म्हणून टॉवेल आणावे लागले. पाय धुवायची आणि पुसायची सोय आहे म्हटल्यावर रांगेवरचा विश्वास वाढला आणि ती फाटकाबाहेर गेली. एकाने ब्लोअरपुढं झेंडूचं फूल ठेवलं. ते उडून त्याच्याच ओंजळीत परत आलं. त्याने ते रुमालात बांधून खिशात ठेवलं आणि ओल्या डोळ्यांनी बाजूला झाला. हे पाहून बाहेरच्या फुलवाल्याने आपली पाटी चार पावलं सरकवून घेतली.

तीन वाजता टॉवेल संपले.

"सर, दोनशे चारमधले गृहस्थ आंघोळ करून टॉवेलसाठी उभे आहेत," धनश्री फोनवर हात ठेवून म्हणाली. "तसेच उभे आहेत, म्हणतात."

"त्यांना सांग, आज सगळेच उभे आहेत," ओंकार म्हणाला. त्यानेही एव्हाना बूट काढले होते. कधी काढले, ते त्याला आठवत नव्हतं.

चार वाजले, सव्वाचार झाले, तरी मालकांची गाडी पोर्चमध्ये दिसेना. साडेचारला ओंकारची नजर दुसऱ्या वळणावर गेली. मालक श्रीमंतराव पँट दुमडून, हात जोडून रांगेत उभे होते. फाटकाबाहेर रांग दिसल्यावर ते गाडीतून उतरून सवयीने मागं जाऊन उभे राहिले होते.

"साहेब, तुम्ही इकडून या ना."

"गप रे. मधी घुसून शिव्या खायच्या का?"

खांबाच्या आड झुंबरबाई उभ्या होत्या. मालकांचं पाऊल उचललं की खाली ठसा उरतो का, ते त्या बघत होत्या. माळ, वारा, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. डोळ्यांपुढं फक्त बाथरूमची फरशी येत होती. श्रीमंतराव ब्लोअरपाशी पोहोचले, डोळे मिटून बराच वेळ थांबले आणि मग बाजूला आले.

"ओंकार, ही लाइन कशाची होती?"

"गालिचा वाळायची, साहेब."

श्रीमंतरावांनी खाली पाहिलं. पायाची बोटं त्या लालात रुतवली, सोडली, परत रुतवली. "कुणी धुतला हा?"

आपणच कंपनी बोलावून धुऊन घेतला, असं म्हणायला ओंकारला हरकत नव्हती. पण तोही दोन तास त्याच गालिच्यावर अनवाणी उभा होता. "मावशींनी," तो म्हणाला.

"वीस वर्षं मी याच्यावरनं बूट घालून जातोय. पायाला आज कळला." ते झुंबरबाईंकडे वळले. "पाऊण तास उभा हाय बाई, गुडघा दुखला न्हाई माझा. मशीन तुमच्याकडंच राहू द्या. उद्या वरचा मजला घ्या." आणि ते बूट हातात घेऊनच वर गेले.

झुंबरबाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी येऊ दिलं. ओंकार दोर सोडायला निघाला होता, पण रांगेत अजून साठेक माणसं होती. झुंबरबाईंनी त्याला खुणेनेच थांबवलं.

मग त्या दाराबाहेर गेल्या आणि फाटकापाशी सगळ्यांत मागं उभ्या राहिल्या. रांग सावकाश सरकत होती. दाराशी त्यांनीही चपला काढल्या, पाय धुऊन पदराने पुसले. उंबऱ्याच्या आत आल्यावर पायाखाली मऊ लागलं. आठ वर्षं त्या या गालिच्यावरून कामाला ये-जा करत होत्या, पण त्यावर असं रिकाम्या हातांनी उभं राहणं आजवर झालं नव्हतं.

"फुडं काय हाय वो?" त्यांच्यामागं नुकत्याच आलेल्या बाईने विचारलं.

"काय न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "नुसतं उभं ऱ्हायचं."

त्या बाईने डोक्यावरची पिशवी उतरवून काखेत धरली आणि पाठ सरळ केली.

"मग ऱ्हाऊ की," ती म्हणाली.