बोर्डाचं झाकण आणि कावेरीचं भाषण

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून कावेरीला वाटायचं, आपण तोंड उघडलं तर भरतीसुद्धा दोन पावलं मागे सरेल. मग त्यांचं कुणकेश्वरचं घर विकत घ्यायला येणारा मुंबईचा शौनक शेठ म्हणजे किस झाड की पत्ती!

बाबांनी, म्हणजे भिकाजींनी, कणकवलीला फ्लॅट बघून ठेवला होता. कावेरीला समुद्र सोडायचा नव्हता. रडून झालं, जेवण सोडून झालं (नेमके त्याच दिवशी बांगडे होते!), पण कुणी ऐकलं नाही. शेठ इंजिनिअरला घेऊन घर तपासायला येणार म्हटल्यावर तिने ठरवलं, पडवीतल्या विजेच्या बोर्डाच्या झाकणाचं असं वर्णन करायचं, की चपला तिथेच टाकून शेठ पळाला पाहिजे.

आणि पाहुणे पडवीत येताच काय बोलली! झाकणाला स्क्रू एकच, बाकीच्या जागी आईच्या साडीच्या पिना. खाऱ्या वाऱ्याने कडांची अनारशासारखी जाळी झालेली. मुळात झाकणच दुसऱ्या बोर्डाचं, त्यामुळे फटीतून उघड्या वायरी दिसतात. आणि रिकाम्या भोकांतून पाली अशा ये-जा करतात, जशा बांद्याच्या चेकनाक्यावरून गोव्याच्या गाड्या.

आईला वाटलं, पोरगी नवं भाषण म्हणून दाखवतेय. ती कौतुकाने सगळ्यांना सोलकढी देत राहिली. बाबांना मात्र झाकणाचा अपमान सोसवेना.

"ह्या झाकणाक काय्येक झाला नाय," म्हणत त्यांनी त्यावर सणसणीत थाप मारली.

झाकण सुटलं ते थेट इंजिनिअरच्या अंगठ्यावर. मागोमाग एक पाल त्याच्या शर्टाच्या खिशात. पंखा थांबला, दिवा गेला आणि इंजिनिअर पडवीभर एका पायावर नाचू लागला. कावेरीने मनातल्या मनात शेठला निरोपही देऊन टाकला.

शेठने शांतपणे पेला खाली ठेवला. "घर कुणाला हवंय, काका? ते पाडायचंच आहे. आम्हाला जागा पसंत आहे."

इंजिनिअरला म्हणे फक्त वीज कुठून येते, एवढंच बघायचं होतं.

मग शेठ कावेरीकडे वळला. "मुलगी बोलते मात्र झकास. रिसॉर्ट झालं की हिला रिसेप्शनला बसवू. काउंटर इथेच येईल, या पडवीच्या जागी."

कावेरीला आयुष्यात पहिल्यांदाच एकही शब्द सुचेना. बाबांना सुचला.

"थँक यू म्हण गो," ते म्हणाले.

तिने म्हटलं. उच्चार अगदी स्पष्ट होते.