गच्चीवरचं ऊन

गच्चीवर सोलर बसवायचं मी जाहीर केलं, तेव्हा भामाने एवढंच विचारलं, "अहो, आणि माझं वाळवण?" मी म्हणालो, "जग कुठे चाललंय आणि तू कुरडयांत अडकलीस." (हे मी चांगल्या थाटात म्हटलं होतं.) ती गप्प बसली. ती गप्प बसली की सावध व्हावं, हे मला अजून जमलेलं नाही.

पॅनेल बसले आणि मी सौरऊर्जेचा प्रचारक झालो. दूधवाला, जावई, सुलतान बाजारातला माझा शिंपी, कुणालाच सोडलं नाही. फक्त शेजारचे मुकुंदराव बधेनात. "रात्री काय करणार? आभाळ आलं तर?" हे त्यांचं ठरलेलं. शेवटी एप्रिलमधल्या एका रविवारी भर दुपारी त्यांना घरी बोलावलं. किती वीज तयार होते, ते मोबाइलवर दाखवणार होतो.

मोबाइल उघडला. आकडा पार तळाला.

"ढग आला असेल," मी म्हणालो.

मुकुंदरावांनी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. "हौ, दिसतोय ना," ते म्हणाले.

मग मी धुळीवर बोललो, वायरिंगवर बोललो आणि बोलत बोलतच त्यांना गच्चीवर नेलं. सगळ्या पॅनेलवर भामाच्या जुन्या साड्या अंथरलेल्या, साड्यांवर ओळीने कुरडया, आणि काठी घेऊन राखणीला बसलेली भामा.

"अगं, हे काय?"

"ऊन सगळं तुम्हीच घेतलंत," ती शांतपणे म्हणाली. "प्रणिताला सातवा लागलाय. बंगळुरूत विकत मिळतात, पण तिला माझ्याच हातच्या हव्यात. मी कुठे वाळवू?"

आमची प्रणिता लहानपणी याच गच्चीवर अर्धवट ओल्या कुरडया चोरून खायची. ते आठवलं आणि मी वाऱ्याने उडालेला साडीचा कोपरा परत नीट दाबून ठेवला.

मुकुंदरावांनी एक कुरडई उचलून मोडून पाहिली. "वरून ऊन, खालून काचेचा चटका. भाभी, दुपारपर्यंत कडक? मग आम्हीपण बसवतो की."

आमच्या गल्लीत आता बऱ्याच गच्च्यांवर सोलर आहे. बायका सल्ला घ्यायला भामाकडे येतात, माझ्याकडे कुणी येत नाही. उन्हाळ्यातले रविवार पॅनेल तिचे, आणि छत्री उघडून राखणीला मी. ती कुरडयांच्या गरम चिकाची वाटी आणून देते, घटकाभर शेजारी बसते. मला ते फार आवडतं.

परवा तिला मी सौरऊर्जेच्या मर्यादा समजावून सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"हेच जरा मोठ्याने बोला," ती म्हणाली. "कावळे उडतात."