संत्र्याच्या झाडावरचा रणगाडा

"या रविवारी इवायाले सिनेमा दाखवतो अन् विषयच खतम करतो," गुणवंताजींनी शुक्रवारी सकाळी जाहीर केलं. कुसुम तेव्हा कणीक भिजवत होती.

विषय आलूचा होता. त्यांची प्रणाली पांढुर्ण्याला दिलेली. तिचे सासरे, म्हणजे गुणवंताजींचे व्याही केशवराव, तसे भले माणूस, पण पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून ते स्वतःला थोडेफार कलेक्टरच समजू लागले होते. सौंसरचा आपला इवाई फौजेत रणगाड्यावर होता, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. "रणगाडा कायचा? लंगरात आलू सोलत होते," असं ते बारशात सांगायचे, संत्रामंडीत सांगायचे आणि घरी जेवताना तर सांगायचेच. परवा प्रणाली फोनवर म्हणाली, "बाबा, मले आता आलूची भाजी कराची शरम वाटून राहिली. ताट वाढलं का सासरे हसते."

तेव्हापासून गुणवंताजींची झोप उडाली होती. पुरावा त्यांच्याजवळ होता. जवान असताना राजस्थानात त्यांच्या छावणीजवळ वाळवंटातल्या लढाईच्या एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं आणि गर्दीसाठी यांच्या तुकडीतली पोरं नेली होती. गुणवंताजी रणगाड्यावर चढले आणि कॅमेरा थेट त्यांच्या तोंडासमोर आला. पुढे सिनेमा टॉकीजला लागला तेव्हा ते आसामात, टीव्हीवर लागला तेव्हा सौंसरची लाइन गेलेली. म्हणजे हा सिनेमा घरात कोणीच पाहिला नव्हता. खुद्द त्यांनीसुद्धा नाही. मागच्या दिवाळीत नागपूरच्या एका दुकानात जुन्या मालात त्याची सीडी सापडली आणि ते लॉटरी लागल्यासारखे घरी आले.

"सीडी कोठी ठेवली जी?" कुसुमनं विचारलं.

"भजनाच्या डबीत. सिनेमाच्या डबीत ठेवली असती तं कोणीबी मागून नेली असती. भजन कोण मागते?"

कुसुमचा हात कणकेतच थांबला.

भजन तिनं स्वतःच नेलं होतं. वांदरं बागेत शिरून संत्री अर्धवट खाऊन फेकत होती, आणि चमकत्या सीड्या टांगल्या की ती बिचकतात असं कोणीतरी सांगितलं. तिनं घरातल्या साऱ्या सीड्या काढल्या, शेजारपाजारच्या मागून आणल्या, प्रत्येकीच्या भोकात सुतळी ओवली आणि झाडांना टांगल्या. गल्लीतली निम्मी लग्नं तिच्या बागेत लटकून राहिली होती. वांदरं बिचकली नव्हती. एक तर रोज सकाळी येऊन सीडीत तोंड पाहून जायचं. पण इतकी मेहनत केल्यावर ते बाहेर कशाला सांगायचं?

नवऱ्याला खरं सांगावं असं तिला एकदा वाटलं. पण ते बनियनवरच आरशासमोर सॅल्यूट करून पाहत होते. तिनं पोळ्या लाटायला घेतल्या.

रविवारी सकाळी गुणवंताजी इवायाला आणायला पांढुर्ण्याला निघाले आणि कुसुम शिडी घेऊन बागेत. सोबत शेजारची चंचल, कारण सीडी चालवायचं जुनं मशीन गल्लीत तिच्याकडेच उरलं होतं. उन्हानं साऱ्या सीड्या सारख्याच पांढुरक्या पडलेल्या. कोणतं लग्न, कोणतं भजन आणि कोणती लढाई, काही कळेना. दोघींनी पोतंभर सीड्या घरी आणल्या. लावून पाहिल्याशिवाय इलाज नव्हता.

पहिलीच निघाली ती चंचलच्या लग्नाची.

"काढ वं," कुसुम म्हणाली.

"राहू द्या ना ताई जराशी. मावशी येईल आता. मेली ना ते मागच्या साली."

मावशी आली, हळद लावून गेली. चंचलनं डोळे पुसले आणि फोन करून जावेला बोलावलं. जावेनं तिच्या लग्नाची सीडी शोधायला सांगितली. समोरच्या शांताबाईंना आवाज गेला, त्या नातवाचं बारसं पाहायला आल्या. जो येई तो आपलं झालं तरी उठत नसे, कारण दुसऱ्याच्या लग्नात कोण काय नेसलं होतं हेही पाहायचंच होतं. बारा वाजेपर्यंत बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दारात गुणवंताजी केशवरावांना घेऊन उभे होते.

"हे कोणाचं लगन लागून राहिलं?" गुणवंताजींनी विचारलं.

"मशीनची ट्रायल घेऊन राहिलो," कुसुम म्हणाली.

केशवरावांना खुर्ची मिळाली. ते ऐटीत म्हणाले, "लावा इहीनबाई. पाहू तं द्या, कसा आलू सोलते."

पोत्यात थोड्याच सीड्या उरल्या होत्या. कुसुमनं देवाचं नाव घेतलं आणि एक उचलली.

"हिच्यावर चिखल कायचा?" गुणवंताजींनी विचारलं.

"रेगिस्तानातला सिनेमा आहे ना," असं म्हणून तिनं ती पदराला पुसली आणि मशीनमध्ये सरकवली.

पडद्यावर रेती आली. कुसुमच्या जिवात जीव आला.

तासभर तोफा चालल्या. मग गुणवंताजी खुर्चीच्या टोकाला सरकले. "आता पाहा. समोरून रणगाडा येते, मी वर चढतो, अन् कॅमेरा..."

रणगाडा आला. एक हात वर चढायला लोखंडाला धरताना दिसला आणि चित्र थांबलं. त्याचे चौकोन झाले, चौकोन हिरवे झाले, मशीन दमेकऱ्यासारखं खरखरलं. चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा रणगाडा जळत होता आणि वर कोणीच नव्हतं.

"हात तं दिसला," शांताबाई म्हणाल्या.

"हात काय, माहाबी दिसन," केशवराव म्हणाले. "माणूस कोठी आहे?"

गुणवंताजींचं तोंड असं उतरलं की कुसुमला पाहवेना. जळत्या रणगाड्यामागून धुळीनं माखलेला एक जवान रांगत बाहेर येत होता. तिनं बोट दाखवलं. "हे पाहा ना. हे हेच आहेत."

"हो वं माय," चंचल म्हणाली. "नाक तेच आहे."

केशवराव चष्मा पुसून पुढे वाकले. "खरंच की काय."

तो जवान रांगत एका टेकडीमागे गेला. तिथं दुश्मनाचा अफसर उभा होता. जवानानं बुटातून नकाशा काढला आणि त्याच्या हातात दिला.

सारे गुणवंताजींकडे वळले.

"गुणवंता," शांताबाई म्हणाल्या, "तू नकाशा देल्ला त्यायले?"

गुणवंताजींनी कुसुमकडे पाहिलं. नाही म्हणावं तर बायको खोटी पडते आणि आलू परत येतो. हो म्हणावं तर देश विकल्यासारखं होतं.

"डायरेक्टर सांगन तसं करा लागते," ते म्हणाले.

पुढचा सगळा सिनेमा त्या गद्दाराचाच होता. तो पैसे घेई, खोटं बोले, आपल्याच माणसांवर गोळी झाडी.

"डायलॉगबी आहे इवायाले," केशवराव हरखून म्हणाले. "पण आवाज तुमचा नाई वाटत."

"रेगिस्तानातल्या गरम लूनं घसा बसला होता."

शेवटी तो गद्दार रेतीत तडफडून मेला. चंचलची जाऊ रडली. "बरं झालं मेला," शांताबाई म्हणाल्या. "चहा घे बापा गुणवंता, थंडा होऊन राहिला."

जाताना केशवरावांनी गुणवंताजींचे दोन्ही हात धरले. "एवढं मोठं काम केलं, अन् कधी बोलले नाही. आमी आपलं उगीच काहीबाही म्हणत राहिलो."

तिसऱ्या दिवशी प्रणालीचा फोन आला. "बाबा, आलू बंद झाले. आता सासरे मले गद्दाराची पोरगी म्हणते. पण लाडानं म्हणते."

त्या दिवशी दोघं सीड्या परत टांगायला बागेत गेले. गुणवंताजी खालून सीडी देत होते, कुसुम शिडीवरून बांधत होती.

"त्याले मिशा होत्या," ते एकदम म्हणाले.

"कोणाले?"

"ज्याले तू मी म्हणली त्याले. मले तवा मिशा नव्हत्या." त्यांनी पुढची सीडी वर दिली. "तू माह्या इज्जतीसाठी खोटं बोलली, समजते मले. उपकारच झाले तुहे. पण जरा चांगला माणूस तं पाहाचा होता."

कुसुमनं मान हलवली आणि गाठ घट्ट मारली. ती खोटं बोललीच नव्हती. शूटिंगच्याच साली लग्न झालं आणि आठ दिवसांत ते सुट्टी संपवून त्याच वाळवंटात परतले. त्या आठ दिवसांत सासू-सासऱ्यांसमोर पदर इतका खाली असायचा की तिनं नवऱ्याचे पायच तेवढे नीट पाहिले होते; तोंड पाहिलं ते पुढं, मिशा आल्यावर. धुळीतून रांगत आला तो तिला खरोखर हेच वाटले होते. हे आता सांगून काय करायचं? बायको आपल्यासाठी खोटं बोलली, यात ते सुखी होते.

आणि तिचा तरी काय दोष? त्या सिनेमात सगळ्यांनी बूट घातले होते.