दोनशे फुटी चिमणी आणि तीन सेकंदांचा कॅमेरा

"विजेवर चालणारी वस्तू माझ्याशी खोटं बोलू शकत नाही," असं टेस्टर नेहमी म्हणायचा. कागद गिरणीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढल्यावर माणसाला एवढं म्हणायचा हक्कच मिळतो. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर, म्हणून त्याचं नावच टेस्टर पडलेलं. बायकोसुद्धा रागावलेली नसली की त्याच नावाने हाक मारायची.

गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. आता तिची दोनशे फुटी चिमणी रविवारी सकाळी दहाला पाडणार, अशी बातमी आली आणि टेस्टरने चाळीस जुन्या सहकाऱ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "मी तिचं चित्रण करणार. मोबाइलवर नाही, खऱ्या फिल्मवर. आपली चिमणी आहे, ती काय मांजरीच्या पिल्लांच्या व्हिडिओशेजारी ठेवायची?"

टाळ्या पडल्या. बॉयलर सांभाळणारे दादा, म्हणजे सगळ्यांचे बॉयलरदादा, उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. त्या क्षणी टेस्टरकडे कॅमेरा नव्हता.

तो मिळाला गुरुवारी, जुन्या सामानाच्या दुकानात. शिलाई मशीनएवढा जड, काळा, अंगावर ओरखडे.

"काय टिपायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"चिमणी."

"मग लांबची लेन्स घ्या. जवळ गेलं की उडून जाते."

"ही दोनशे फूट उंच आहे."

दुकानदाराने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचे प्रश्न बंद केले. टेस्टरने विचारलं, "चालतो ना?"

"चालायचा," दुकानदार म्हणाला. सरावासाठी म्हणून त्याने एक भरलेलं टाकाऊ रीळही फुकट दिलं.

दुसऱ्या कोणी 'चालायचा' ऐकून काढता पाय घेतला असता. टेस्टरला ते आव्हान वाटलं. बिघडलेलं यंत्र दिसलं की त्याचे डोळे असे चमकायचे, जसे इतरांचे पगाराच्या दिवशी.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून शस्त्रक्रिया सुरू झाली. टेस्टरने सरावाचं रीळ चढवलं, बटण दाबलं. कॅमेरा तीन सेकंद घरघरला आणि गप्प.

"बॅटरी," टेस्टर म्हणाला. मीटर लावला. नुसती ठेवली की बारा व्होल्ट, बटण दाबलं की सात. भाषण सुरू करताच पाणी मागणाऱ्या वक्त्यासारखी तिची गत होती. टेस्टर खाली गेला आणि बायकोच्या स्कूटरची बॅटरी काढून घेऊन आला.

बायको शाळेत गणित शिकवायची. समोर पेपरांचा गठ्ठा घेऊन ती तपासत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "सोमवारी मला पहिला तास आहे."

"सोमवार लांब आहे."

आता कॅमेरा एकदा चाले, एकदा नाही. टेस्टरने केबल वाकवून बघितली. कोपऱ्यात दाबली की चालू, सोडली की बंद. वरून ठणठणीत, आतून तुटलेली. घरात तेवढी लवचिक वायर एकाच ठिकाणी होती. बायकोचा टेबललॅम्प आंधळा झाला. लॅम्पच्या वायरीच्या दोन्ही तारा पांढऱ्याशुभ्र होत्या, पण प्लस-मायनस ओळखायला टेस्टरला रंगांची गरज नव्हती. त्याला अनुभव होता.

बटण दाबलं. घरघर. एक, दोन, तीन. गप्प.

"मग बटणच खराब," तो आनंदाने म्हणाला. प्रत्येक नवा दोष सापडला की तो जास्तच खुलत होता. दाराच्या घंटीचं बटण निघालं आणि कॅमेऱ्याला लागलं. दरवेळी तो झाकण उघडायचा, आतली एक लहानशी पट्टी मध्ये लुडबुडायची, ती बोटाने बाजूला करायचा, फिल्म सरळ करायचा, झाकण लावायचा. दरवेळी कॅमेरा नव्या उमेदीने तीन सेकंद चालायचा.

तेवढ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताई दोन रस्ते पलीकडे राहायची आणि कपडे शिवायची. उद्या किती वाजता निघायचं, हे तिला विचारायचं होतं. फोन बायकोने घेतला, नजर पेपरांवरच.

"कसं चाललंय त्याचं?" ताईने सहज विचारलं.

बायकोच्या डोक्यात सकाळपासून एकच विषय होता. "काय सांगू, ताई. तीन सेकंद धडधड होते आणि एकदम थांबते. सकाळपासून हेच."

"अगं, मग?"

"बॅटरी नवी घातली, तरी तेच. आता पुन्हा उघडून बघायचं म्हणतोय."

"उघडून? कुठे?"

"इथेच, जेवणाच्या टेबलावर."

फोन बंद झाला. बायकोला वाटलं, ताईच्या दुकानात गिऱ्हाईक आलं असेल.

दहा मिनिटांत ताई जिना चढून वर आली. गळ्यात मोजपट्टी तशीच, आणि मागे धापा टाकत तिच्या गल्लीतले डॉक्टर. तिने घंटी दाबायला बोट नेलं, तर तिथे भोक आणि भोकातून दोन तारा. ते बघून तिला उरलासुरला धीर राहिला नाही. दोन्ही मुठींनी तिने दार बडवलं. शेजारचे बाहेर आले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर विचारत आले, "गाडी काढू का?"

बायकोने दार उघडलं. ताई तिला बाजूला सारून आत घुसली. टेस्टर टेबलावर वाकलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"ठेव तो खाली," ताई म्हणाली. "आणि आडवा हो."

"ताई, आत्ता नाही. तीन सेकंदांवर अडकलोय."

हे ऐकून डॉक्टरांनी त्याला धरून खुर्चीत बसवलं आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. बायको लाजून पेपरांमागे गेली. शेजारी मात्र हलले नाहीत. एवढं धावून आल्यावर निदान कॅमेरा तरी बघायला मिळावा, असं प्रत्येकाचं मत पडलं.

ताई खुर्ची ओढून टेबलापाशी बसली. तिचा राग अजून उतरला नव्हता, पण समोर यंत्र होतं आणि तिचीही नजर यंत्रांवर वाढलेली. झाकण उघडंच होतं. तिने घंटीचं बटण दाबलं आणि आत बघत राहिली.

"हे कोणी ओवलं?"

"मी."

"भरलेलं रीळ या बाजूला लावलंस, आणि यंत्र ओढतंय त्या बाजूने. रिकाम्या रिळातून काय येणार, वारा? आणि ढील कुठाय? माझ्या मशीनवर असा ताणून दोरा घातलास तर पहिल्या टाक्याला तुटेल. इथे फिल्म ताणली जाते, ती या पट्टीवर दाबते, आणि पट्टी वीज तोडते."

"ती पट्टी?" टेस्टर हळूच म्हणाला. "ती मध्ये येते म्हणून मीच बाजूला करतोय सकाळपासून."

"म्हणून तर तीन सेकंद चालतोय."

"आता वाढला," डॉक्टर रक्तदाबाच्या काट्याकडे बघत म्हणाले.

ताईने रिळांच्या जागा बदलल्या, फिल्मला वर-खाली दोन बोटं ढील दिली आणि बटण दाबलं. कॅमेरा घरघरला. तीन, चार, पाच, दहा. वीस झाले तेव्हा टेस्टर दंडाचा पट्टा सोडवून खोलीभर फिरू लागला. शेजारी मोठ्याने आकडे मोजत होते. निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, "इंजिनाचा आवाज स्वच्छ आहे."

रविवारी गिरणीच्या मैदानावर सगळे जमले. स्कूटर बंद, त्यामुळे टेस्टर, बायको, ताई, बॅटरी आणि कॅमेरा ड्रायव्हरांच्या गाडीतून आले. नवी कोरी फिल्म ताईने स्वतः चढवली, कालच्यासारखीच. ती पावणेतीन मिनिटं पुरणार होती, आणि दुसरी नव्हती.

पहिला भोंगा झाला. टेस्टरने डोळा कॅमेऱ्याला लावला. दुसरा झाला. बॉयलरदादांनी टोपी काढून छातीशी धरली. तिसऱ्या भोंग्याला टेस्टरने बटण दाबलं.

पायथ्याशी दबका आवाज झाला. चिमणी क्षणभर तशीच उभी राहिली, जणू तिला कोणी कळवलंच नव्हतं. मग दिवसभर उभं राहून दमलेलं माणूस खाली बसावं तशी ती कलत गेली. धूळ उठली. कॅमेरा घरघरत राहिला. धूळ बसेपर्यंत, माणसं पुढे जाऊन विटा उचलेपर्यंत, शेवटचा इंच संपेपर्यंत. टेस्टरने डोळा काढला तेव्हा तो ओला होता. धुळीमुळे, असं त्याने सांगितलं.

तीन आठवड्यांनी वाचनालयाच्या सभागृहात सगळे पुन्हा जमले. फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेतला माणूस स्वतःचा प्रोजेक्टर घेऊन आला होता. टेस्टर पहिल्या रांगेत, नवा शर्ट घालून. दिवे मालवले.

पडद्यावर आधी मोकळं आभाळ दिसलं. माणसं विटा जमिनीवर ठेवत होती आणि उलट्या पावलांनी मागे चालत आपापल्या जागी जात होती. मग जमिनीवरून धूळ उठली, गोळा होऊ लागली, आत ओढली जाऊ लागली. त्या धुळीतून विटा वर चढल्या, एकीला एक लागल्या, आणि चिमणी हळूहळू उठून सरळ उभी राहिली. मग ती तशीच उभी राहिली, फिल्म संपेपर्यंत.

टेस्टरचे कान तापले. दोन पांढऱ्या तारा. त्याने त्या उलट जोडल्या होत्या. मोटर उलटी फिरत होती, आणि उलट्या फिरणाऱ्या मोटरला जमेल अशी फिल्म ताईने बरोबर चढवून दिली होती. एकतीस वर्षं, आणि दोन तारा.

दिवे लागले. मागून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"पुन्हा लाव," बॉयलरदादा म्हणाले.

पुन्हा लागली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर बॉयलरदादा वळले. "टेस्टर, हे तू मुद्दाम केलंस ना?"

चाळीस माणसं त्याच्याकडे बघू लागली. टेस्टरने घसा साफ केला. "म्हणजे काय, तशी कल्पना माझ्या डोक्यात होतीच."

"डोक्यात नाही," मागच्या रांगेतून बायको म्हणाली, "माझ्या लॅम्पच्या वायरीत होती."

पण ते फारसं कोणी ऐकलं नाही. दिवे पुन्हा मालवले होते आणि धूळ गोळा व्हायला लागली होती.