शिकाऊ ट्रम्पेट

नामदेव वानखेडे माणसाचं नाव विचारण्याआधी विचारतात, "समोरचे दात तुह्येच हायेत ना?" एका लग्नात त्यांनी हे नवरदेवाच्या वडिलांनाच विचारलं. पंगतीत काही क्षण कोणी घास घेतला नाही.

वानखेडेकाका भिलाईच्या रुआबांधा वस्तीत माझे शेजारी. पोलाद कारखान्यातून निवृत्त. पत्नी वारली, मुलगा पुण्यात. पूर्वी ते भीमजयंतीच्या मिरवणुकीत ट्रम्पेट वाजवत. आता शिकवतात, आणि कोणी कोणता ट्रम्पेट घ्यायचा तेही तेच ठरवतात. समोरचे दात पक्के नसले तर ट्रम्पेटवर ओठ टिकत नाहीत, म्हणून आधी दातांची चौकशी. गाल फुगवणाऱ्याला सांगतात, "तू फुगे फुगव बाप्पा." त्यांचा सिद्धांत असा : "शिकाऊ ट्रम्पेट चूक पोटात घालते. मोठा ट्रम्पेट चौकात सांगते."

सिद्धांत चोख आहे. अंमलबजावणीत खोट आहे. मोठा ट्रम्पेट हातात आला की शिष्य एखाद्या बँडमध्ये जातो आणि पुन्हा फिरकत नाही. असे तिघे गेले. तेव्हापासून काकांच्या मते कोणाचीच तयारी पुरी होत नाही.

सध्या सुनंदा मेश्राम ही एकच शिष्या उरली आहे. रोज संध्याकाळी येते. तिचे सूर भिंतीपलीकडे मलाही स्वच्छ ऐकू येतात.

"अजून शिकाऊच," काका म्हणतात. "श्वास कच्चा हाये."

यंदा जयंतीच्या पथकाने तिला बोलावलं. मिरवणुकीच्या गोंगाटात तिच्या शिकाऊ ट्रम्पेटचा टिकाव लागला नसता. ती काकांना पावर हाउस बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली. मीही सोबत होतो. काकांनी बोट ठेवलं ते पुन्हा शिकाऊवरच.

दुकानदार हसला. "चाचा, दीदी को कब तक पहली में बिठाओगे?"

काकांनी स्वतःच कपाटातून मोठा ट्रम्पेट काढून तिच्या हातात दिला. "वाजव."

तिने वाजवला. बाहेरचे ऑटोवाले वळून पाहू लागले. काका चूक ऐकायला कान देऊन उभे होते. चूक आली नाही.

"हाच घे," ते म्हणाले.

परतताना ऑटोत, घर जवळ आल्यावर काका म्हणाले, "पोरी, याचे खटके नवे हायेत. दर आठवड्याले तेल द्या लागते. तू नको देऊ, बिघडवशीन. माह्याकडे आणत जाय."

तेल देणं दोन मिनिटांचं काम आहे. सुनंदा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर आहे. दिवसभर इंजिनांना तेल-ग्रीस तीच देते.

"हो काका," ती म्हणाली. "मले नाई जमणार ते."